लागतं कुणाला, सोडतं कोण?

मराठीत व्यसन 'लागतं'. ऊन लागतं, ठेच लागते, नजर लागते, तशीच सिगारेट लागते. 'त्याला दारू लागली', 'तिला त्या व्हेपचा नाद लागला'. या वाक्यांत माणूस आहे, पण तो कर्ता नाही. कर्ता आहे दारू, नाहीतर नाद. माणूस आपला 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभा. सोडायची गोष्ट निघाली की मात्र आपलं व्याकरण एकदम बदलतं. 'सोड की आता.' 'मनावर घेतलंस तर काय अवघड आहे?' लागताना बिचारा असलेला माणूस सोडताना अचानक सर्वशक्तिमान होतो.

'व्यसन' हा शब्दच मुळात दुहेरी आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'चं आठवं अधिकरण व्यसनांबद्दल आहे. त्यात राजाचा जुगार, मद्यपान, शिकारीचा नाद येतो आणि त्याच शब्दाखाली आग, पूर, दुष्काळ, रोगराईही येते. माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकतं ते व्यसन, अशी कौटिल्याची व्युत्पत्ती. ते आभाळातून कोसळलं की आपण ओढवून घेतलं, हा प्रश्न वेगळा. आज आपण संकट हा अर्थ विसरलो आणि दुर्गुण हा अर्थ तेवढा ठेवला. त्यामुळे व्यसन असलेल्या माणसाशी बोलताना आपला आवाज नकळत शाळेच्या मुख्याध्यापकांसारखा होतो.

व्हेपच्या बाबतीत हा दुहेरीपणा जास्तच जाणवतो, कारण ही वस्तू बनली सोडण्यासाठी आणि खपली लागण्यासाठी. आजच्या ई-सिगारेटचा जनक मानला जाणारा होन लिक हा चिनी फार्मासिस्ट. तो स्वतः सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. २००३च्या सुमारास त्याने धूर न होता निकोटिन देणारं यंत्र बनवलं. पुढे २०१५ साली अमेरिकेत 'जूल' आलं. पेन ड्राइव्हसारखं दिसणारं, आंब्यापासून पुदिन्यापर्यंतच्या चवींचं. त्यातली खरी करामत रसायनाची होती. निकोटिनचं प्रमाण वाढवलं की ते घशाला झोंबतं. बेन्झोइक ॲसिड मिसळून त्याचा क्षार केला की झोंबणं कमी होतं आणि भरपूर निकोटिन सहज आत जातं. जूलच्या ५ टक्क्यांच्या एका पॉडमध्ये साधारण सिगारेटच्या एका पाकिटाएवढं निकोटिन असतं, असं कंपनीच सांगत होती. घसा हा शरीराने ठेवलेला रखवालदार. त्यालाच गुंगी दिल्यासारखं झालं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. सिगारेट संपते. ती आणायला टपरीवर जावं लागतं, पेटवावी लागते, चार लोक बघतात, कपड्यांना वास राहतो, शेवटी हातात थोटूक उरतं आणि ते टाकताना 'आजची चौथी' असा हिशेब आपोआप होतो. व्हेपला असा शेवट नाही. तो उशीखाली मावतो, बाथरूममध्ये चालतो, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ओढता येतो. 'आता एक ओढू का?' असं स्वतःला विचारण्याचा क्षणच येत नाही. तळ नसलेलं रील्सचं पान आपण अंगठ्याने सरकवत राहतो, तसंच. निर्णयाची जागाच जिथे काढून टाकली आहे, तिथे 'तू निर्णय का घेत नाहीस?' असं विचारणं जरा क्रूरच.

आता तब्येतीचं. 'नुसती वाफ तर आहे' हे खरं नाही. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, चवीची रसायनं, निकोटिन आणि तापलेल्या कॉइलमधून आलेले धातूचे कणही असतात. निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि पंचविशीपर्यंत घडत असलेल्या मेंदूवर त्याची पकड जास्त घट्ट बसते. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण मुलं फुप्फुसं निकामी होऊन अतिदक्षता विभागात येऊ लागली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. त्यात मुख्य संशयित ठरलं ते गांजातल्या टीएचसीच्या बनावट काडतुसांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. म्हणजे साधा निकोटिनचा व्हेप ओढणाऱ्या प्रत्येकाचं तसं होईल असं नाही. पण बाटलीत काय आहे हे कुणीच तपासत नसेल तर काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून व्हेप धरला, तर त्याचं नुकसान कमी होतं, असं ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्ययंत्रणेचं म्हणणं आहे. २०२३ साली तिथल्या सरकारने दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे संच देण्याची योजना जाहीर केली. त्याच देशाने १ जून २०२५पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी घातली. यात विसंगती नाही. चाळीस वर्षं बिडी ओढलेल्या काकांसाठी जी शिडी आहे, तीच कधीच सिगारेट न ओढलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी विहिरीत उतरायची वाट असू शकते.

माझ्या रूममेटसाठी ती तशीच होती. आम्ही बाणेरला दोघी मिळून फ्लॅट घेऊन राहतो. तिने आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. टपरीवर उभ्या राहिलेल्या मुलीकडे लोक कसं बघतात ते तिला माहीत होतं. व्हेपला वास नाही, त्यामुळे बघणारेही नाहीत. दोन वर्षांनी जिना चढताना धाप लागायला लागली, रात्री दोनदा उठून ओढायला लागली, तेव्हा एका रविवारी तिने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तुझ्याकडे ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस. रडले तरी देऊ नकोस."

बुधवारी रात्री साडेअकराला ती माझ्या दारात उभी होती. निकोटिन बंद केल्यावर दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं.

"दे."

"तूच सांगितलंयस देऊ नको म्हणून."

"ते रविवारी. आता मी सांगतेय, दे. माझं मत बदललं. माणसाला मत बदलायचा हक्क आहे की नाही? मी सव्वीस वर्षांची आहे आणि तू माझी आई नाहीयेस."

मी दिला नाही. ती दार आपटून गेली. पण तिचा प्रश्न खोलीतच राहिला. रविवारची ती आणि बुधवारची ती, दोघी एकच. मग मी एकीचं ऐकून दुसरीला नाही म्हणाले, ते कुठल्या अधिकाराने?

अमेरिकन तत्त्वज्ञ हॅरी फ्रँकफर्ट यांनी १९७१च्या एका निबंधात नेमक्या अशाच माणसाचा विचार केला आहे. त्यांचं म्हणणं असं, की आपल्याला नुसत्या इच्छा नसतात, इच्छांबद्दलच्याही इच्छा असतात. मला झुरका हवा असतो आणि त्याच वेळी 'मला झुरका हवासा वाटू नये' असंही हवं असतं. ज्याला ही दुसरी इच्छा आहे आणि तरी पहिलीच जिंकते, तो नाखूश व्यसनी. ज्याला दोन्हीत काही भांडण दिसत नाही, तो खुशीचा व्यसनी. दोघांच्या हातात तीच वस्तू, पण एकाचं स्वातंत्र्य हरवलेलं आहे. इच्छा नसताना माणूस चुकीचं का वागतो, हा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनही विचारतो. तेव्हा प्रश्न जुनाच आहे. फ्रँकफर्ट यांच्या हिशेबाने रविवारची मैत्रीण 'खरी', कारण तिने आपल्या इच्छेकडे वरून पाहिलं होतं. बुधवारची ती म्हणजे नुसती तल्लफ. मग मी दिला नाही, ते बरोबरच.

इथे थांबता आलं असतं. पण हा युक्तिवाद मला घाबरवतो, कारण तो मी आधी ऐकलेला आहे. 'तुला आत्ता कळत नाहीये, पण मनातून तुलाही हेच हवंय.' लग्नाची बोलणी असोत, शहराबाहेरची नोकरी असो, केस कापायचे असोत, आपल्यातल्या किती जणींनी हे वाक्य ऐकलेलं असतं! आपल्यातली 'खरी' आपण कोण, हे ठरवायला घरचे तयारच असतात. आयझाया बर्लिन यांनी १९५८च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात हाच धोका दाखवला होता. माणसाचे 'खरा' आणि 'वरवरचा' असे दोन तुकडे केले, की खऱ्याच्या नावाने वरवरच्याला बांधून घालायला कुणीही मोकळा होतो, आणि वर त्यालाच स्वातंत्र्य म्हणतो.

होमरच्या महाकाव्यातला ओडिसियस हा या कोड्यातला ओळखीचा माणूस. सायरन्सचं गाणं ऐकायचं तर आहे, पण त्यामागे जाऊन मरायचं नाही, म्हणून तो स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो आणि खलाशांना सांगतो, मी सोडा म्हणालो तर दोर आणखी आवळा. पण त्याच्या खलाशांच्या कानांत मेण होतं. त्यांना ना गाणं ऐकू येत होतं, ना त्याची विनवणी. माझ्या कानांत मेण नव्हतं. आणि जहाज कधीतरी बेट ओलांडून जातं. आमच्या सोसायटीखालची टपरी कुठेच जात नाही.

तरीही ओडिसियसच्या गोष्टीत एक महत्त्वाची खूण आहे. दोर त्याने स्वतः मागितला होता. खलाशांनी 'तुझं भलं आम्हाला कळतं' म्हणून त्याला बांधलं नव्हतं. माझ्या मते मैत्री आणि सत्ता यांतला फरक इथे आहे. दुसऱ्याचं खरं मन कुठलं हे मी ठरवायचं नाही. त्याने सांगितलेलं तेवढं सांभाळायचं. आणि सांभाळायला दिलेली गोष्ट परत मागण्याचा हक्कही त्याचाच, फक्त तो हक्क वापरण्याची रीतही त्यानेच शांतपणे ठरवलेली असावी.

पुढच्या रविवारी चहा पिताना आम्ही नवा नियम केला, तिच्याच शब्दांत. तिने मागितला की मी घड्याळ बघायचं. चोवीस तासांनीही तिला तो हवा असेल तर मी तो टेबलवर ठेवायचा, एकही शब्द न बोलता. तल्लफेची लाट काही मिनिटांची असते, चोवीस तास तग धरते ती तल्लफ नसते, तो विचार असतो. आणि विचार करून घेतलेला निर्णय, मला कितीही चुकीचा वाटला, तरी तिचा आहे. त्यानंतर तिने दोनदा मागितला. पहिल्यांदा दुसऱ्या दिवशी तिने विषयच काढला नाही. दुसऱ्यांदा चोवीस तासांनी तिने हात पुढे केला आणि मी दिला. देताना मला फार जड गेलं. तीन दिवसांनी तिने तो स्वतःहून परत आणून दिला. न देण्याची ताकद मला बुधवारीही होती. पण ती परत आली, ते मी दिला म्हणून, असं मला वाटतं.

मग कायद्याने दोर बांधावा का? भारताने सप्टेंबर २०१९मध्ये अध्यादेश काढून आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळं बंद केलं. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या यादीत 'ओढणं' मात्र नाही, आणि ते मला योग्य वाटतं. शिक्षा लावणाऱ्याला, लागलेल्याला नाही. पण त्याच देशात बिडी, सिगारेट, तंबाखूची पुडी कायदेशीर विकली जाते. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ज्या आजीच्या दाताला मशेरी लागलेली आहे, तिच्यासाठी डोलकाठी कुणी उभारली? बंदीमुळे व्हेप सरळ दुकानातून गेला, टपरीच्या खणात शिरला. तिथल्या बाटलीवरचा आकडा खरा आहे का, हे कुणी तपासत नाही.

दोर बांधण्याइतकंच सोबत देणं महत्त्वाचं. अमेरिकेत १८ ते २४ वयाच्या २,५८८ व्हेप ओढणाऱ्यांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. निम्म्यांना सोडण्यासाठी मदत करणारे मेसेज फोनवर पाठवले गेले, बाकीच्यांची फक्त चौकशी होत राहिली. सात महिन्यांनी पहिल्या गटातले २४.१ टक्के व्हेपपासून दूर होते, दुसऱ्यातले १८.६ टक्के. फरक छोटा आहे, पण खरा आहे, आणि तो काही फोनवरच्या शब्दांमुळे पडला. मदत मिळूनही पाऊणशे टक्के लोकांना तेव्हा जमलं नव्हतं, हेही त्याच आकड्यात आहे. 'मनावर घेतलंस तर' म्हणण्याआधी तो आकडा आठवावा.

'लागणं' आणि 'सोडणं' यांच्यामध्ये मराठीत आणखी एक क्रियापद आहे: 'सुटणं'. गाठ सुटते, पाऊस सुटतो म्हणत नाही आपण, पण वारा सुटतो, शाळा सुटते. सुटायला नुसता जोर लावून चालत नाही. नखं लागतात, वेळ लागतो, कधी दुसऱ्याने दोरीचं टोक धरावं लागतं. डॉक्टर, निकोटिनचं च्युइंगगम, १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवणारी मोफत सरकारी हेल्पलाइन, हीसुद्धा अशी टोकं धरणारीच माणसं आणि साधनं. तुमच्या जवळच्या कुणी उद्या तुमच्या हातात आपला व्हेप ठेवला, तर उपदेश करू नका. विचारा, "मी कधी देऊ नये, आणि कधी द्यावा?" उत्तर त्यालाच ठरवू द्या, आणि ठरलं की तेवढं पाळा.