‘खोली गेली’

गेल्या उन्हाळ्यात आमच्या नागपूरच्या घरी रात्री साडेदहाला मुलाखती चालत. भाचीला जर्मनीतल्या आखेनच्या तांत्रिक विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. व्हिसाचे काम मार्गी लागले होते, वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो नियमाप्रमाणे बंद खात्यात भरून झाले होते. उरली होती फक्त राहायची खोली, आणि आम्हाला वाटले होते की सगळ्यांत सोपे काम तेवढेच आहे.

जर्मनीत चारपाच विद्यार्थी मिळून एक मोठे घर घेतात. खोल्या ज्याच्या त्याच्या. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक. या प्रकाराला तिथे ‘वेगे’ म्हणतात. एकजण सोडून गेला की उरलेले मिळून नवा भिडू निवडतात, तोही रीतसर मुलाखत घेऊन. तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडचे साडेदहा. पोरगी केस विंचरून, मागे पुस्तकांचे कपाट दिसेल अशी खुर्ची लावून लॅपटॉपसमोर बसायची. मी आणि बायको आतल्या खोलीत, पंख्याचा वेगसुद्धा कमी करून. प्रवेशाच्या वेळीही घरात इतका ताण नव्हता. कारण पत्ता नसला की त्या देशात माणूस कागदावर उभाच राहत नाही. राहायला गेल्यापासून 2 आठवड्यांत पालिकेत नोंदणी करावी लागते, त्यासाठी घर देणाऱ्याचे पत्र लागते, आणि पुढचे निम्मे कागद त्या नोंदणीवर अडलेले असतात.

प्रश्न ऐकून मला आधी हसू यायचे. सकाळी किती वाजता उठतेस? फ्रीजमधला एक कप्पा पुरेल का? रविवारी सगळ्यांबरोबर जेवशील का? संडास धुण्याची पाळी चुकवणार नाहीस ना? फोडणीचा वास घरभर पसरतो असे ऐकले आहे, खिडकी उघडी ठेवून करशील का? भाचीने कधी घरी संडास धुतला नव्हता. तिने ‘हो’ म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे सराव सुरू केला. या प्रश्नांत आगाऊपणा होता, पण एक सरळपणाही होता. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तिच्या हातात होते.

काही ठिकाणी मात्र प्रश्न यायचेच नाहीत. तिने ऐंशीच्या आसपास अर्ज पाठवले. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. काहींनी नाव वाचून एका ओळीत कळवले की खोली गेली. एका रात्री ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “मामा, हे म्हणाले होते खोली गेली. पंधरा दिवस झाले, जाहिरात तर तशीच आहे.”

हा निव्वळ तिचा संशय असेलही. पण बायरिशर रुंडफुंक आणि श्पीगेल या तिथल्याच माध्यमसंस्थांनी 2017 मध्ये जर्मनीच्या दहा मोठ्या शहरांत सुमारे 20,000 चौकश्या पाठवून पाहिल्या होत्या. मजकूर तोच, नोकरी तशीच, जर्मनही अस्खलित; बदलले होते ते फक्त नाव. अरबी आणि तुर्की नावांना घर बघायला बोलावणे लक्षणीय कमी आले. तेव्हा भाचीच्या जागी मला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण “जाहिरात तर तशीच आहे” हे वाक्य मी आधी कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. कुठे, ते सांगण्याआधी एक जुनी गोष्ट.

परदेशात खोली शोधणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची सर्वांत नोंद घेण्यासारखी हकिकत शंभर वर्षांपूर्वीची आहे. 1913 मध्ये बाविशीतले बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. पहिले काही आठवडे हार्टली हॉल या वसतिगृहात काढले, मग हिंदी विद्यार्थी राहत त्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. तिथे त्यांना कोणी जात विचारली नाही. खोलीतला हा सोबती जन्माचा मित्र झाला. पुढे लंडनच्या शिक्षणासाठी पैशांची अडचण आली तेव्हा मदतीला धावला तोही भथेनाच.

1917 मध्ये बाबासाहेब बडोद्याला नोकरीसाठी आले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ठाऊक होते, म्हणून एका पारशी सरायीत, वहीत पारशी नाव लिहून, रोजच्या दीड रुपयावर राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला लावली. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्यपणे असमर्थता सांगितली: एकाला नोकरांची अडचण, दुसऱ्याला बायकोची. मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ या उच्चशिक्षित अधिकाऱ्याने कामाठीबागेत बसून काढला. हे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहे. परदेशी जायला व्हिसा लागतो. आपल्याच देशातल्या एका खोलीत शिरायलाही तो लागतो, हे त्या नावात आले.

ही हकिकत सांगताना आपण एका समाजाला दोष देऊन मोकळे होतो. पण भथेनाही पारशी होता. काठ्या घेऊन आलेले आणि शेजारच्या खाटेवर झोपणारा एकाच समाजातले. फरक माणसांच्या कुळात नव्हता. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये दोन विद्यार्थी एकमेकांना सवयींनी ओळखत होते, बडोद्याच्या सरायीत पाहुण्याचा फक्त जन्म मोजला गेला.

आता आमच्या फाटकाकडे येतो. आमच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, जिना बाहेरून, नळ आणि मोरी वेगळी. फाटकाला तारेने बांधलेली पाटी असते: ‘रूम किरायाने देणे आहे’. सात-आठ वर्षांपूर्वी गडचिरोलीकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. इंजिनिअरिंगला लागला होता. आम्ही चहा दिला. “कोण्या गावचे हो तुम्ही?” मी विचारले. गाव कळले. मग आडनाव. विदर्भात गाव आणि आडनाव एवढे पुरते, तिसरा प्रश्न लागत नाही. तरी मी तो विचारला, “जेवणखाण कसं?” मुलगा म्हणाला, “काका, मी डबाच लावणार आहे. गॅससुद्धा आणणार नाही.” मी संध्याकाळी कळवतो म्हणालो, आणि संध्याकाळी फोनवर सांगितले की खोली गेली. पाटी पुढे महिनाभर फाटकावर होती. मुलाच्या कॉलेजचा रस्ता आमच्याच गल्लीतून जातो.

आम्ही जात मानत नाही असे त्याही दिवशी आम्हाला वाटत होते. प्रश्न खाण्याचा आहे असे मी स्वतःला सांगत होतो. पण जो मुलगा चूलच मांडणार नाही म्हणतो त्याला खाण्यावरून नकार देता येत नाही. त्या उत्तराने माझा प्रश्न उघडा पडला होता. उत्तर काहीही आले तरी ज्याचा निकाल बदलत नाही, तो प्रश्न नसतो; नकाराला घातलेले सोवळे असते.

आमचे घर यात एकटे नाही. विदर्भातच जन्मलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली परिसरात याचा पडताळा घेतला. तो अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर घर विचारणाऱ्यांत उच्चवर्णीय नावाला नकार आला नाही. दलित नावांना शंभरात 18, मुस्लिम नावांना शंभरात 31 नकार आले. शिवाय अनेकांना होकार मिळाला तो जादा अटी घालून. जर्मनीतल्या नावांच्या प्रयोगाशेजारी हे ठेवून पाहावे.

यावर आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. घर माझे आहे, कर मी भरतो, कोणाला ठेवायचे हे मी ठरवणार. कायदाही इथे फार पुढे येत नाही. घटनेच्या 15व्या अनुच्छेदात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव यांचे नाव आहे, किरायाच्या खोलीचे नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व पारशांपुरते ठेवले, ते सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये मान्य केले. ब्रिटनने 1965 च्या वंशभेदविरोधी कायद्यात घरे वगळली होती. ती चूक 1968 मध्ये दुरुस्त करताना त्यांनीही मालक स्वतः राहतो अशा लहान घरांना मोकळीक ठेवली. एकाच छताखाली राहायचे तर थोडी निवड माणसाकडे राहणारच, हे सगळ्यांनाच कळते.

पण मग ही मोकळीक कोणाला शोभते? मुलाखत घेणाऱ्या आखेनच्या एका घरातल्या चार पोरांना, ज्यांना भाचीबरोबर एकाच फ्रीजमध्ये दूध ठेवायचे होते. त्यांनी तिच्या झोपेची वेळ विचारली, गाव विचारले नाही. माझा किरायेदार माझा फ्रीज उघडत नाही, माझ्या ताटात जेवत नाही; तो बाहेरच्या जिन्याने जातो-येतो. ज्याचे आयुष्य माझ्या आयुष्याला महिन्यातून एकदा, पाच तारखेला लागते, त्याचे कूळ विचारायचा मला काय अधिकार? सवयीच्या प्रश्नाला माणूस उत्तर देऊ शकतो, सवय बदलूही शकतो. जन्माच्या प्रश्नाला त्याला फक्त मान खाली घालता येते किंवा, बडोद्यात झाले तसे, दुसऱ्याचे नाव लिहावे लागते.

हे नागपुरात लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. ऑक्टोबर 1956 मध्ये धम्मदीक्षेसाठी आलेले बाबासाहेब सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात उतरले होते, स्वतःच्या नावाने. कामाठीबागेतल्या त्या दिवसाला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती. ज्या शहराला दीक्षाभूमीचा अभिमान आहे, त्या शहराच्या गल्लीतल्या फाटकावर अजून आडनावाची चाळणी बसवलेली असावी, हे त्या अभिमानाला शोभत नाही.

भाचीला अखेर खोली मिळाली, त्याच पोरांकडे; शनिवारी न्हाणीघर धुण्याची पाळी तिची असते. घरमालकांना माझे सांगणे थोडे आहे. किराया वेळेवर देणार का, दोन महिन्यांचे डिपॉझिट आहे का, गाडी कुठे लावणार, रात्री फाटक किती वाजता लावतो ते चालेल का, हे जरूर विचारा. आडनाव विचारा ते करारनाम्यावर लिहिण्यापुरते, आणि ते खोली द्यायची ठरल्यानंतर.