दगडफूल

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात दोन भाऊ होते. बाप गेला आणि वाटणी झाली. थोरल्याला ओढ्याकाठची काळी जमीन आली, धाकट्याला माळावरची मुरमाड. जोडीतला सर्जा थोरल्याच्या दावणीला गेला, राजा धाकट्याच्या. काळ्या जमिनीचं शल्य धाकट्याच्या मनातून जाईना. भावाभावांचं बोलणं तुटलं.

मृग चार दिवसांवर आला. एका बैलावर कुळव चालत नाही आणि उताराच्या त्या वावरांत ट्रॅक्टर चढत नव्हता. अशा वेळी गावात सावड होई. ज्याच्याकडे एकच बैल, तो तशाच दुसऱ्या शेतकऱ्याशी जोडी करी. आज तुझं रान, उद्या माझं. पण आधी बोलायचं कुणी?

"माझा सर्जा त्याच्या रानात राबेल आणि माझी पाळी आली की हा तोंड फिरवील," थोरला म्हणे. धाकटाही हेच म्हणे, फक्त बैलाचं नाव बदलून.

आईने वर्षाचा काळा मसाला भाजायला घेतला होता. उखळ हलवायचं निमित्त करून तिने दोघांना बोलावलं. थोरल्याची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती. ती दगडफूल निवडत बसली होती.

"आजी, हे फूल नाही आणि एक झाडही नाही," ती म्हणाली. "हा दोन जीवांचा संसार आहे. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशीला उन्हातून अन्न करता येत नाही, पण ती कातळाला, खोडाला घट्ट धरते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हातून साखर करतं, पण उघड्या कातळावर ते एकटं वाळून जाईल. म्हणून बुरशीने घर दिलं, शेवाळाने भाकरी. कोट्यवधी वर्षं चाललंय हे."

"दोन जीव? आणि कुणाला कळलं नाही?" धाकट्याने विचारलं.

"सायमन श्वेंडनर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाने १८६९ साली हे लिहिलं, तेव्हा कितीतरी जाणकारांनी त्याला वेड्यात काढलं. काका, त्यालाही वाटलं होतं की बुरशी मालक आणि शेवाळ वेठीला."

"मग खरा मालक कोण?" थोरल्याने विचारलं.

आई हसली. "मालक कुणी का असेना. मसाल्यात दोघं एकदमच पडतात."

मग तिने कढई उतरवली. "माळाच्या रानाला वापसा कधी येतो?"

"पाऊस उघडला की दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी ओल उडते," धाकटा म्हणाला.

"आणि काळ्या रानाला?"

"चार-पाच दिवस तरी पाय रुततो," थोरला म्हणाला आणि मध्येच थांबला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्या फरकावरून भांडण झालं होतं, त्याच फरकाने पाळी लावून दिली होती. दोन्ही रानं सारखी असती, तर दोघांनाही एकाच दिवशी जोडी लागली असती.

मृग बरसला. दुसऱ्या दिवशी सर्जा माळावर गेला. राजाशेजारी जुन्या बाजूला उभा राहिला आणि त्याने आपणहून मान जुवाखाली दिली. दिवसभरात धाकट्याची पेरणी उरकली.

आता थोरल्याचा जीव खालीवर होऊ लागला. धाकट्याचं काम तर झालं. तो कशाला येतोय? पाचव्या दिवशी काळ्या रानाला वापसा आला. थोरला पहाटे उठला, तर अंधारात घुंगरं वाजत होती. धाकटा राजाला घेऊन बांधावर उभा होता.

"आलास?" थोरल्याच्या तोंडून निघून गेलं.

"दादा, मृग पुढच्या वर्षीही येणार आहे," धाकटा म्हणाला. "आणि माझं रान मुरमाडच राहणार आहे."

तात्पर्य : एकाकडे जे उणं आहे ते दुसऱ्याकडे असतं, म्हणून सोबत जमते, आणि उद्या पुन्हा गाठ पडणार हे दोघांनाही ठाऊक असतं, म्हणून ती टिकते.