आठ वर्षं पूर्ण होण्याआधी

एखाद्या मुलाला डिस्लेक्सिया आहे असं सरकारी कागदावर लिहून हवं असेल, तर त्याला आधी आठ वर्षांचं व्हावं लागतं. दिव्यांगत्व मोजण्याच्या केंद्र सरकारच्या जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तसं ठरवलं होतं. ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’चं प्रमाणपत्र आठव्या वर्षानंतर, आणि पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं उशिरा वाचायला लागतात आणि मग धडाधड वाचतात. घाईनं मारलेला शिक्का नंतर पुसायला कोणी येत नाही.

पण मूल शाळेत येतं सहाव्या वर्षी. पहिली-दुसरीत अक्षरं डोक्यात बसतात किंवा बसत नाहीत, आणि नेमक्या त्याच दोन वर्षांत त्याची अडचण कागदोपत्री अस्तित्वातच नसते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेला ‘निपुण भारत’ कार्यक्रम म्हणतो की तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. म्हणजे कागद मिळण्याची सोय होते तोवर मुदत संपत आलेली असते.

माझी मावशी भद्रावती तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पहिली-दुसरी शिकवते. मी पुण्यात कोड लिहितो, त्यामुळे आमच्या गप्पा फोनवर. गेल्या वर्षी तिच्या बोलण्यात दुसरीतला एक मुलगा वारंवार यायचा. “तोंडी हिशोब विचार, आख्ख्या वर्गाच्या आधी सांगते. पाटीवर लिहायले लावलं का ‘भ’चा ‘म’ करते, ‘ध’चा ‘घ’ करते. जोडाक्षर आलं का पाणी प्यायले पळते.”

त्याला डिस्लेक्सिया आहे का? मावशीला माहीत नाही, मला तर नाहीच. चष्मा लागत असेल. घरची भाषा वेगळी असेल. आमच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यात घरी तेलुगू किंवा हिंदी बोलणारी मुलं असतात, जंगलाकडे गेलात तर गोंडी बोलणारी. अशा मुलाला मराठी वाचता येत नाही म्हणून त्याच्या मेंदूत काही शोधत बसणं हा उलटा अन्याय झाला. ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. त्यानं आमच्या पिढीला डिस्लेक्सिया हा शब्द शिकवला. पण त्यातल्या चित्रकलेच्या सरांकडे एका मुलासाठी भरपूर मोकळा वेळ होता. मावशीकडे दोन वर्ग आहेत, शालेय पोषण आहाराची नोंद आहे आणि अधूनमधून निवडणुकीचं काम आहे.

इथं माझ्या धंद्यातला एक प्रश्न आडवा येतो. कॉम्प्युटरचा प्रोसेसर एकच असतो, कामं अनेक. कोणाला किती वेळ द्यायचा? एक पद्धत अशी की सगळ्यांना आळीपाळीनं सारखा वेळ. दुसरी अशी की जास्त निकडीच्या कामाला आधी. दुसऱ्या पद्धतीत एक जुना धोका आहे, कमी निकडीची कामं रांगेत उपाशी मरतात. त्याला आमच्याकडे खरोखरच ‘स्टार्व्हेशन’ म्हणतात. समजा वर्गात २४ मुलं आणि एक तास आहे. सारखी वाटणी केली तर प्रत्येकी अडीच मिनिटं. त्या मुलाला मावशीनं दहा मिनिटं दिली, तर ती जास्तीची साडेसात मिनिटं उरलेल्या तेवीस जणांच्या वाट्यातून आली. त्यांच्यातही कोणीतरी असतं, शांत बसणारं, जेमतेम वाचणारं, जे कधीच काही मागत नाही. कोणत्या अधिकारानं तिनं त्याची मिनिटं घेतली?

प्रमाणपत्र या प्रश्नाला उत्तर देतं: या अधिकारानं. माझं म्हणणं असं की हे उत्तर लांबच्या माणसासाठी आहे. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा, तर बोर्डातल्या अधिकाऱ्यानं त्या मुलाला कधी पाहिलेलंच नसतं. त्याला पुरावा लागणारच, नाहीतर ज्याच्या वडिलांची ओळख दांडगी त्याला जादा वेळ मिळेल. ‘समग्र शिक्षा’मधून विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३५०० रुपयांची तरतूद असते, पैसे दिल्लीहून निघतात, तिथंही मोजणी लागणार. जितकं अंतर जास्त, तितकी कागदाची गरज खरी. मावशी त्या मुलापासून तीन फुटांवर बसते. तिथंही आपण कागदाचीच वाट पाहत असू, तर लांबच्या माणसाचा अविश्वास आपण वर्गात आणून बसवला.

आणि कागद फुकट येत नाही. चंद्रपूरला जिल्हा रुग्णालयात खेटे, आई किंवा बापाची रोजी बुडणं, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव लागणं. मावशीनं तपासणीचा विषय काढला तेव्हा मुलाच्या बापानं विचारलं, “म्याडम, हे कागदावर आलं का पुढं कामाले, लग्नाले आड येईन का?”

त्याला अडाणी म्हणून हसू नका. नाव लागण्याचा अर्थ आमच्या भागाइतका कोणाला कळला असेल? भद्रावतीहून नागपूरच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की वरोरा लागतं आणि वरोऱ्याला लागून आनंदवन. बाबा आणि साधनाताई आमट्यांनी १९४९ साली ते उभं करायला घेतलं, कारण ज्यांना ‘महारोगी’ हे नाव लागलं त्यांना गावात जागा नव्हती. १८९८ च्या कायद्यानं तर कुष्ठरोग झालेल्या निराधार माणसाला पकडून आश्रमात डांबता येत होतं. तो कायदा रद्द झाला थेट २०१६ मध्ये. त्याच वर्षी दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, यादी ७ प्रकारांवरून २१ वर गेली, आणि त्या एकाच यादीत ‘कुष्ठरोगमुक्त व्यक्ती’ही आहे आणि ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ही. एका नावानं माणसं गावाबाहेर गेली, दुसऱ्यानं मुलाला मदत मिळेल असं आपण सांगतोय. यादी तीच. बापाचा प्रश्न मला तरी बिनबुडाचा वाटत नाही.

आनंदवनात अंध आणि कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत आणि त्या तिथं असणं मला पटतं. ब्रेल शिकवणारा माणूस प्रत्येक खेड्यात मिळणार नाही. पण ‘भ’ आणि ‘म’मध्ये अडकणाऱ्या मुलाला गाव सोडून पाठवायचं कशासाठी? तो मावशीच्याच वर्गात राहणार.

गंमत म्हणजे ‘विशेष शैक्षणिक गरजा’ हा शब्दप्रयोग रुळवण्यात एका तत्त्वज्ञ बाईंचा हात आहे. मेरी वॉर्नॉक यांच्या समितीचा अहवाल ब्रिटनमध्ये १९७८ साली आला. मुलांना वैद्यकीय खान्यांत टाकू नका, शिकताना कशाची गरज आहे ते विचारा, असा त्याचा रोख होता. पाचांपैकी एका मुलाला शाळेत कधी ना कधी अशी गरज पडते, असा अंदाजही. १९८१ च्या कायद्यानं मात्र जास्त गरजेच्या मुलांसाठी ‘स्टेटमेंट’ नावाचा कागद आणला, आणि २००५ मध्ये वॉर्नॉकबाईंनी स्वतः पुस्तिका लिहून त्या कागदी व्यवस्थेवर टीका केली. खाने मोडायला आणलेला शब्द स्वतःच खाना झाला होता.

मग कागद सोडूनच द्यायचा? तेही नको. कागद नसेल तर मदत मावशीच्या चांगुलपणावर उरते. तिची बदली झाली, पुढच्या गुरुजींना त्या पोराचा कंटाळा आला, की संपलं. हक्काची मेहरबानी होते. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं मंजूर करून भरायला सांगावं लागलं. तेही कोणाला तरी मोजता आलं म्हणूनच शक्य झालं. न मोजलेल्या मुलासाठी न्यायालयात कोण जाणार?

मला सुचणारी वाट अशी की मदतीचा हक्क कारणाला न बांधता घटनेला बांधावा. दुसरीच्या दिवाळीपर्यंत मुलाला साधं वाक्य वाचता येत नाही, ही घटना कोणालाही पाच मिनिटांत तपासता येते, सरपंचालाही, आईलाही. त्यासाठी डॉक्टर नको आणि आठवा वाढदिवसही नको. तेवढ्यावर शाळेवर बंधन यावं: आम्ही काय करून पाहिलं ते लिहून ठेवा, बदली झाली तर ती वही पुढच्या शिक्षकाला द्या. का वाचता येत नाही, हा शोध डॉक्टरांनी सावकाश घ्यावा. त्यासाठी मराठीतही साधन आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ‘डाली’ चाचण्या हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीत आहेत.

यावर मावशीचा आक्षेप सरळ होता. “बेटा, असं मोजलं तं माह्या अर्ध्या वर्गाचं नाव येईन त्या वहीत.” ती अतिशयोक्ती करत नव्हती. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या साधारण पाऊण मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला नाही. एवढ्यांना हक्क दिला तर खऱ्या डिस्लेक्सियाचं मूल त्या गर्दीत हरवेल, हा धोका खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. पण रांग आधीपासून तेवढीच लांब होती. कागदाच्या दारामुळे ती आपल्याला दिसत नव्हती, एवढंच.

मिनिटांच्या हिशोबातली एक गोष्ट मात्र मी चुकीची धरत होतो, असं मावशीशी बोलताना लक्षात आलं. मी प्रत्येक मदत कोणाच्या तरी वाट्यातून वजा करत होतो. ती आता गणिताचं उदाहरण फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचते. त्या मुलासाठी सुरू केलं. मागच्या बाकावरच्या दोन मुली, ज्यांचं नाव कधी कोणत्या यादीत येणार नाही, त्याही आता उत्तरं देतात. कुठलीही मदत अशी फुकट पडत नाही, जोडाक्षरं शिकवायला दहा मिनिटं लागतातच. ती दहा मिनिटं ती सध्या मधल्या सुट्टीतून काढते, आणि त्या वेळात तो मुलगा खेळायचा सोडून आत बसतो. त्याला हे न्याय वाटतं का, ते अजून कोणी विचारलेलं नाही.