साखळी तुटल्यावर

पापाला वाटेकरी मिळत नाही, हे आपण वाल्या कोळ्याच्या गोष्टीपासून ऐकत आलो आहोत. बायकापोरांनी हात झटकले आणि वाल्या एकटा उरला. पण ज्या पापाला खरोखरच वाटेकरी असतो, त्याचे काय?

स्टॅन्ली क्रेमर यांचा १९५८ सालचा ‘द डिफायंट वन्स’ हा चित्रपट पाहताना मला हा प्रश्न पडला. अमेरिकेच्या दक्षिण भागात कैद्यांच्या मोटारीला अपघात होतो आणि दोन कैदी पळतात. एक गोरा, एक काळा. मनगटे मात्र एकाच साखळीत. टोनी कर्टिस आणि सिडनी पॉइटिए यांनी ही कामे केली आहेत. दोघांना एकमेकांचा तिटकारा. पण एक बुडाला तर दुसराही बुडायचा! म्हणून सांभाळून घेतात. याला मैत्री म्हणावे का? मी तरी म्हणणार नाही. ही नुसती गरज.

पुढे साखळी तुटते. एक बाई काळ्याला मुद्दाम जीवघेण्या दलदलीची वाट दाखवते. गोऱ्याला ते कळते आणि स्वतःची सुटका सोडून तो त्याच्यामागे धावतो. शेवटी काळा चालत्या आगगाडीत चढलेला असतो. गोऱ्याला ओढून घेता घेता तोही खाली येतो. हे पाहून हार्लेममधले काळे प्रेक्षक संतापले, असे जेम्स बाल्डविन यांनी १९७६ साली लिहिले. तो संताप मला समजतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याने सोसले, त्यानेच का उतरावे?

मला माझा वर्ग आठवला. दोन मुले वर्गातला नकाशा फाडून नदीकडे पळाली. एक वकिलाचा, एक गड्याचा. एरवी एका बाकावर न बसणारे. संध्याकाळी वाळूत एकच भाकरी मोडून खाताना सापडले. वकीलसाहेब शाळेच्या कमिटीवर होते. माझी छडी गड्याच्या पोरावरच पडली. दुसरा मान खाली घालून उभा होता. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. अपराधाने त्यांना जोडले होते. माझ्या न्यायाने तोडले.

भीतीची साखळी छिन्नीनेही तुटते. त्यानंतर मागे कोण वळतो, यावरच सारे ठरते. आणि ज्याला झळ कमी लागली, त्यानेच आधी वळायचे असते. वकिलाचा मुलगा लहान होता. वळायला हवे होते ते मी.

पुढच्या वर्षी गड्याचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी गेले. दरसाल दिवाळीच्या सुटीत माझी एस. टी. त्या गावावरून जाते. गाडी दोन मिनिटे थांबते. उतरावेसे वाटते.

अजून उतरलो नाही.