अक्षराभोवतीची छिन्नी

धातूच्या पत्र्यावर नाव घालायचे तर दोन वाटा असतात. अक्षर आत खोदायचे, किंवा अक्षर तसेच ठेवून भोवतालचा धातू काढून टाकायचा. मराठीत दोन्हींना नेमके शब्द आहेत : खोदीव आणि उठावाचे. बर्थोल्ड वोल्पे यांचा ‘अल्बर्टस’ हा रोमन टंक दुसऱ्या वाटेने आला, आणि त्याचा सगळा स्वभाव मला या एका गोष्टीत दिसतो.

१९०५ साली जर्मनीतल्या ओफेनबाखला जन्मलेल्या वोल्पेंनी आधी धातुकाम शिकले, मग रुडॉल्फ कोख यांच्याकडे अक्षरकला. त्यांनी घडवलेल्या ब्राँझच्या लेखांची छायाचित्रे छपाईचे टंक बनवणाऱ्या ‘मोनोटाइप’ कंपनीचे सल्लागार स्टॅन्ली मॉरिसन यांनी पाहिली आणि १९३२ मध्ये त्याच वळणाचे छपाईचे खिळे करायला सांगितले.

उठावाच्या अक्षराकडे छिन्नी बाहेरून येते. तिला नाजूक शेपट्या, बारीक फराटे राखत बसणे परवडत नाही. म्हणून अल्बर्टस अंगाने भरीव आणि साधा. इतर बहुतेक रोमन टंकांत दांड्याच्या टोकाला आडवे पाय जोडलेले असतात. इथे झाडाचा बुंधा जमिनीशी रुंदावतो तसा दांडाच टोकाकडे रुंदावत जातो आणि तिथे धारदार छाटला जातो. मोठ्या लिपीतला ‘यू’ तर पाहत राहावा असा : छोट्या लिपीतल्यासारखा, उजवीकडे सरळ दांडा घेऊन उभा.

या अक्षरात अख्खे पुस्तक जुळवणे मला चूक वाटते. प्रत्येक अक्षर इतके ठाम उभे राहते की ओळ वाहतच नाही. त्याला चार-पाच शब्द द्यावेत, नाव द्यावे. ‘फेबर अँड फेबर’ या प्रकाशनसंस्थेत १९४१ ते १९७५ या काळात वोल्पेंनी पुस्तकांची दीड हजारांवर वेष्टने केली. त्यांतल्या कितींवर चित्रच नाही; पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव, बस. ते पुरते.

१९६७च्या ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश मालिकेत एक गाव आहे. तिथे माणसांना नावे नाहीत, आकडे आहेत. त्या गावाच्या पाट्यांसाठी हाच टंक, थोडा बदलून, वापरला गेला. निवड अचूक होती, आणि ती मला अस्वस्थही करते. ब्राँझचा अधिकार न ओरडता बोलतो. तो स्मरणासाठी वापरता येतो, तसाच हुकुमासाठीही.

वोल्पेंना असे हुकूम परिचयाचे होते. ज्यू म्हणून १९३५ मध्ये जर्मनी सुटली. १९४० मध्ये ब्रिटनने त्यांना शत्रुदेशाचा माणूस ठरवून ऑस्ट्रेलियातल्या छावणीत धाडले. पुढच्या वर्षी ते लंडनला परतले. त्या शहराच्या जुन्या गाभ्यात, ‘सिटी ऑफ लंडन’मध्ये, गल्ल्यांच्या नावांच्या पाट्या आज अल्बर्टसमध्ये आहेत.