आकडा कोणाच्या हाताने लिहिला जातो?



समजा, तुम्ही एका कंपनीत ग्राहकांच्या नोंदी सांभाळता. संगणकात तीन लाखांहून कमी नावे आहेत, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे. आणि एके दिवशी तुमचे साहेब बाहेरच्या पाहुण्यांना सांगतात, "आमचे साडेबेचाळीस लाख ग्राहक आहेत." अशा वेळी तुम्ही काय कराल?

ही वेळ अमेरिकेत खरोखरच आली होती. फ्रँक नावाची एक कंपनी कॉलेजच्या शिक्षणासाठी आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज भरायला विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून मदत करीत असे. २०२१ साली जेपी मॉर्गन चेस या मोठ्या बँकेने ती १७ कोटी ५० लाख डॉलर देऊन विकत घेतली. बँकेला हवे होते ते तरुण ग्राहक. ४२ लाख ५० हजार विद्यार्थी आमच्याकडे आहेत, असे कंपनीने सांगितले होते. प्रत्यक्षात ते तीन लाखही नव्हते.

व्यवहारापूर्वी बँकेने ग्राहकांची यादी मागितली. तेव्हा संस्थापिका चार्ली जेविस व तिच्या सहकाऱ्याने कंपनीतल्या एका अभियंत्याला सांगितले की आकडा भरून निघेल अशी कृत्रिम नावांची यादी तयार कर. त्याला शंका आली. हे कायद्याला धरून आहे का, असे त्याने विचारले. "त्यात काही गैर नाही," असे त्याला सांगण्यात आले. तरीही त्याने नकार दिला. मग बाहेरच्या एका जाणकाराला १८,००० डॉलर देऊन ते काम करून घेण्यात आले.

पुढे बँकेने कंपनीकडून मिळालेल्या यादीतल्या लोकांना ईमेल पाठवून पाहिले, तर बहुतेक पोहोचलेच नाहीत. प्रकरण कोर्टात गेले. त्या अभियंत्याने साक्ष दिली. मार्च २०२५ मध्ये दोघेही दोषी ठरले आणि सप्टेंबरमध्ये जेविसला सात वर्षांहून अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली.

आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले-मुली आज अंधेरी, मालाड, ऐरोलीच्या कंपन्यांत संगणकासमोर बसतात. कंपनी अडचणीत आली की आकडे फुगू लागतात आणि सर्वात आधी शंका येते ती आतल्या माणसाला. म्हणून विचारावेसे वाटते, ही शंका म्हणजे बेइमानी आहे का? ज्याचे मीठ खातो त्याच्यावर संशय घ्यावा का?

आठवी आज्ञा खोटी साक्ष देण्यास मनाई करते, हे आपण लहानपणापासून शिकलो आहोत. परंतु पुरेशा आधाराशिवाय दुसऱ्याला मनातल्या मनात दोषी ठरवणे, हेही त्याच आज्ञेविरुद्धचे पाप आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणजे शंका आली म्हणून लगेच लोकलमध्ये मित्रांपुढे साहेबांना चोर ठरवायचे, हेही योग्य नाही आणि शंका गिळून गप्प बसायचे, हेही नाही.

या दोहोंच्या मध्ये एक साधी वाट आहे. ती म्हणजे विचारणे. "ग्राहक म्हणजे नेमके कोण?" जेविसच्या वकिलांचे म्हणणे होते की तो आकडा संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांचा होता. सणाच्या दिवशी चर्चच्या मैदानात जमलेली गर्दी वेगळी आणि धर्मग्रामाच्या वहीतली कुटुंबे वेगळी, हे आपल्याला कळते. गर्दी मोजणे खोटे नव्हे. गर्दीला कुटुंबे म्हणून लिहिणे खोटे आहे. प्रामाणिक मालक अशा प्रश्नाला उत्तर देतो. उत्तराऐवजी दटावणी मिळाली, तर शंकेला आधार मिळाला असे समजावे.

लूकच्या शुभवर्तमानातील अन्यायी कारभारी आठवा. कर्जाच्या कागदावर शंभराचे पन्नास त्याने स्वतः लिहिले नाहीत. त्याने ते कर्जदारांकडून लिहवून घेतले. मोठी लबाडी बहुधा अशीच होते. तिला दुसऱ्याचा हात लागतो. कोणाला यादी करावी लागते, कोणाला तपासल्याची सही करावी लागते. त्या अभियंत्याने आपला हात दिला नाही.

कोणी म्हणेल, त्याने काय साधले? यादी तर झालीच! खरे आहे. नकाराने लबाडी थांबतेच असे नाही. पण आधी त्याने नकार दिला होता, म्हणूनच पुढे कोर्टात तो ताठ मानेने खरे सांगू शकला. ज्याने स्वतः यादी केली असती, त्याची जीभ तिथे अडखळली असती.

तरी एक प्रश्न उरतोच. आपला हात स्वच्छ राहिला, पण समोरचा फसवला जात असेल, तर तेवढ्याने भागते का? मला वाटते, ज्याला जितके निश्चित ठाऊक आणि ज्याच्या हाती जितका अधिकार, तितकी त्याची बोलण्याची जबाबदारी मोठी. हिशेब तपासणारा आणि संचालक गप्प बसले असताना घराचे हप्ते फेडणाऱ्या कारकुनाकडून हौतात्म्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. पण लेखी प्रश्न विचारणे, खोट्या कागदावर सही न करणे आणि दुसरी नोकरी शोधू लागणे, एवढे त्यालाही जमते.

आणि घरच्यांचे काय? एखाद्या रात्री जेवताना मुलगा म्हणतो, "आई, ऑफिसात काहीतरी बरोबर नाही गं." आपण पटकन म्हणतो, "तुला काय करायचंय? पगार वेळेवर येतो ना?" त्या एका वाक्याने आपणही त्याचा हात धरून त्या खोट्या कागदाकडे नेतो. त्याऐवजी भाताचे ताट बाजूला सारून एवढेच विचारावे, "काय झालं, नीट सांग बघू." पगार थांबला तर घर कसे चालवायचे, हे मग सगळ्यांनी मिळून ठरवावे. त्या ओझ्याखाली त्याला एकट्याला सोडू नये.