पत्रा पातळ आहे, साहेब

गेल्या वर्षी एका व्याख्यानमालेत एका नामवंत व्यवस्थापन-प्रशिक्षकांनी आम्हा श्रोत्यांना दीड तास फैलावर घेतलं. मराठी साहेब गुळमुळीत आहे, हा त्यांचा सिद्धान्त. हाताखालच्या माणसाचं चुकतं तेव्हा तो ‘बघू’, ‘चालतंय’ करत वेळ मारून नेतो आणि मार्चमध्ये फॉर्म भरताना वर्षभराचं उट्टं काढतो. त्यावर औषध एकच: तोंडावर, तिथल्या तिथं, खरं ते सुनवा. शेजारच्या निंदकाची आठवण अर्थातच काढली गेली; ती काढल्याशिवाय मराठीत या विषयावरचं भाषण पुरं होत नाही. शेवटी एका तरुण मुलीनं उभं राहून विचारलं, ‘साहेबांचं चुकलं तर आम्ही काय करायचं?’ ‘फार छान प्रश्न,’ असं म्हणून वक्त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

तो प्रश्न टोलवला गेला म्हणून हा लेख. वक्त्यांचा माल कुठला, हे ओळखणं अवघड नव्हतं. किम स्कॉट या बाईंचं ‘रॅडिकल कॅन्डर’ हे पुस्तक 2017 साली आलं आणि आमच्याकडच्या एचआर मंडळींत त्याची पारायणं सुरू झाली. पुस्तक टाकाऊ नाही. गूगल आणि अ‍ॅपलमध्ये काम केलेल्या या बाई दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बजावतात. समोरच्याबद्दल आस्था नसेल तर स्पष्टपणाची दांडगाई होते, ही एक. आणि दुसऱ्याला सुनावण्याआधी साहेबानं स्वतःवरची टीका मागून घ्यावी, ती पचवून दाखवावी, ही दुसरी. आमच्या वक्त्यांनी दोन्ही गाळल्या आणि सुनावण्याचा भाग तेवढा उचलला. गिऱ्हाईक साहेब लोकांचं असल्यावर दुसरं काय होणार?

खरं म्हणजे स्पष्टवक्तेपणाचा दुष्काळ आपल्याकडे कधीच नव्हता. पुण्याच्या दारादारांवर तो रंगवून लावलेला असतो. पण पाटी लावणारा दार लोटून आत बसलेला असतो, पाटीला उलट उत्तर देता येत नाही. कंपन्यांमधलं वार्षिक अप्रेझल याच जातीचं. ‘ओनरशिप कमी पडते’, ‘कम्युनिकेशन सुधारायला वाव आहे’ हे शेरे लिहिणाऱ्याच्या हातात पगारवाढ असते आणि वाचणाऱ्याच्या डोक्यावर घराचा हप्ता. अशा दोघांत झालेल्या बोलण्याला संवाद म्हणायचं, तर मग न्यायाधीश आणि आरोपी यांच्यातही रोज संवादच होतो. माझं म्हणणं असं की अभिप्राय प्रामाणिक आहे की नाही, हे सांगणाऱ्याच्या धैर्यावर ठरत नाही. ऐकणाऱ्याला तो खोडून काढता येतो का, हे पाहावं.

भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये पाहिलेला प्रसंग आहे. दोन मिलिमीटर पत्र्यातून ब्रॅकेट निघत होते आणि कडेला बर येत होता, नुसतं बोट फिरवलं तर कापेल असा. फोरमननं एक पीस आणून मशीनच्या बेडवर ठेवला आणि एवढंच म्हणाला, ‘पंचाला धार लावून आणायला सांगितलं होतं.’ ऑपरेटरनं हात पुसले. ‘कालच आणली लावून. पत्रा पातळ आहे, साहेब.’ फोरमननं ड्रॉवरमधून मायक्रोमीटर काढला, पत्र्याला लावला. 1.8. पंच आणि डाय यांच्यातली फट दोन मिलिमीटरच्या हिशेबानं ठेवलेली असते. पत्रा पातळ आला की तीच फट जास्त ठरते आणि बर सुटतो. फोरमन ‘हं’ म्हणाला, पीस उचलला आणि इन्कमिंग इन्स्पेक्शनकडे चालू लागला. आवाज कुणाचाच चढला नाही. आस्थाही कुणी दाखवली नाही. हाताखालचा माणूस साहेबाला खोटं पाडू शकला, कारण मोजमाप दोघांच्या मध्ये होतं आणि ते फोरमनच्या पगारावर नव्हतं.

आता ‘ओनरशिप’ला कुठला मायक्रोमीटर लावायचा? अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांनी 1996 मध्ये अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले. सरासरीनं फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर काम आधीपेक्षा बिघडलं होतं. लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याच्याकडे वळलं की घात होतो, असं त्यांचं अनुमान. साहेबानं बर दाखवला तर माणूस पंचाकडे पाहतो. साहेबानं त्याच्यातली उणीव दाखवली तर तो साहेबाकडे पाहत राहतो आणि संध्याकाळी रेझ्युमे काढतो.

या विषयावर आपल्या देशात लिहिला गेलेला उत्तम मजकूर माझ्या मते व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सापडायचा नाही. तो सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात आहे: देव दत्त विरुद्ध भारत सरकार, मे 2008, न्यायमूर्ती एच. के. सेमा आणि मार्कंडेय काटजू. सरकारी कचेरीत ज्यांनी हयात घालवली त्यांना ‘सीआर’ म्हणजे काय ते सांगायला नको. गोपनीय अहवाल. ‘तुझा सीआर खराब करीन’ या चार शब्दांवर कित्येक कचेऱ्या चालल्या. देव दत्त हे सीमा रस्त्यांच्या अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता. अधीक्षक अभियंता व्हायचं तर पाच वर्षांचे सीआर ‘व्हेरी गुड’ हवेत, असा दंडक होता. त्यांचा 1993-94 चा सीआर ‘गुड’ निघाला आणि बढतीसाठी त्यांचा विचारच झाला नाही. हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं, कारण तेव्हाच्या नियमाप्रमाणे फक्त प्रतिकूल शेरा कळवायचा असे. आणि चांगल्याला प्रतिकूल कसं म्हणणार? गुवाहाटी उच्च न्यायालयालाही हा युक्तिवाद पटला.

सर्वोच्च न्यायालयानं तो उलटवला. शेऱ्याचं नाव काय आहे हे पाहू नका, त्याचा डंख कुठे बसतो ते पाहा, असं न्यायालय म्हणालं. जो शेरा माणसाची बढती अडवतो तो प्रतिकूल, मग तो कितीही गोंडस असो. पुढं न्यायालयानं जे मागितलं ते मला फार मोलाचं वाटतं. सीआरमधली प्रत्येक नोंद, अगदी ‘आउटस्टँडिंग’सुद्धा, संबंधिताला वाजवी मुदतीत कळली पाहिजे. कळल्यावर त्याला हरकत घेता आली पाहिजे. आणि ती हरकत ज्यानं शेरा लिहिला त्याच्याच पुढ्यात जाता कामा नये, त्याच्या वरच्यानं ती ऐकावी. ही शेवटची अट अभिप्रायावरच्या कुठल्याही कार्यशाळेत शिकवलेली मी तरी ऐकलेली नाही. सांगा, वेळेवर सांगा, मायेनं सांगा, इथपर्यंत सगळे येतात. ‘तुमचं चुकलं असेल तर ते कोण ठरवणार?’ इथं सगळ्यांचं घोडं अडतं. व्याख्यानमालेतल्या त्या मुलीनं नेमकं हेच विचारलं होतं.

निकाल लागला तोवर देव दत्त निवृत्त झाले होते. तरी नोंद त्यांना कळवावी, ती सुधारली तर पूर्वलक्षी बढतीचा विचार करावा, आणि बढती मिळाली तर थकबाकी आठ टक्के व्याजानं द्यावी, असा आदेश झाला. केंद्र सरकारनं 14 मे 2009 च्या परिपत्रकानं 2008-09 पासूनचा सगळा अहवाल कर्मचाऱ्याला दाखवायचं ठरवलं, हरकतीला पंधरा दिवस दिले. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हीच भूमिका कायम केली.

इथं लेख थांबवला असता तर वक्त्यांवर माझी सरशी झाली असती. पण पुढं काय झालं? अहवाल उघडा पडणार म्हटल्यावर लिहिणाऱ्यांनी लेखणी साखरेत बुडवली. दहापैकी कमी गुण दिले तर हरकत येणार, खुलासा लिहावा लागणार, वर संबंध बिघडणार ते वेगळंच. त्यापेक्षा नऊ द्यावेत आणि मोकळं व्हावं. आठाच्या वर ‘आउटस्टँडिंग’, आणि बघावं तो आउटस्टँडिंग. मग निवड करायची कशी? केंद्रानं 2015 च्या सुमारास वरिष्ठ पदांसाठी चहूबाजूंनी अभिप्राय गोळा करण्याची पद्धत आणली: वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे, बाहेरचे. त्यात कोण काय बोललं हे अधिकाऱ्याला कळत नाही. 2017 मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं या पद्धतीवर अपारदर्शक असल्याचा ठपका ठेवला. पुढच्या दारानं हाकललेली गोपनीयता मागच्या दारानं पाट-पाणी मांडून बसली.

तेव्हा वक्त्यांना अर्धं श्रेय देणं भाग आहे. गुळमुळीतपणाचा रोग त्यांनी बरोबर ओळखला. उत्तर देण्याचा हक्क एकटा पुरत नाही, हेही मला मान्य करावं लागतं. मात्र रोगाचं कारण त्यांना मराठी स्वभावात दिसतं, मला ते फॉर्मच्या रचनेत दिसतं. एकाच बैठकीत साहेबानं गुरू व्हायचं आणि न्यायाधीशही, शिकवायचं आणि पगारही ठरवायचा, म्हटल्यावर भला माणूस गोड बोलणार आणि बुरा माणूस डंख मारणार.

हे काही माझं संशोधन नव्हे. हर्बर्ट मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीतच अभ्यास करून हे मांडलं. स्तुतीचा विशेष परिणाम होत नाही, टीकेनं काम सुधारण्याऐवजी माणूस बचावाला उभा राहतो, म्हणून शिकवणं आणि पगार ठरवणं या गोष्टी वेगळ्या करा, असं त्यांचं सांगणं. त्याच कंपनीत जॅक वेल्च 1981 मध्ये प्रमुख झाले आणि त्यांनी माणसांची 20-70-10 अशी वाटणी जगभर गाजवली. तळाच्या दहा टक्क्यांना दरवाजा दाखवायचा. घरचा वैद्य सांगून थकला आणि मालकानं जगाला दुखणं विकलं! अशाच धर्तीची प्रतवारी मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये बंद केली. आमच्याकडे अजून ‘बेल कर्व्हमध्ये बसवा’ असा निरोप येतो आणि पाच चांगल्या माणसांच्या गटातल्या एकाला वाईट ठरवायला साहेब केबिनचं दार लावून बसतो. आपल्याकडे उदय पारीक आणि टी. व्ही. राव यांनी 1974-75 मध्ये लार्सन अँड टुब्रोसाठी आखणी करताना मूल्यमापनाला समुपदेशनाची, माणूस घडवण्याची जोड दिली होती. पुढं सर्वत्र फॉर्म राहिले, समुपदेशन सुट्टीवर गेलं.

राहिला साहेबानं टीका ऐकण्याचा मुद्दा. ‘माझ्याबद्दल मोकळेपणानं सांगा’ असं म्हणणारा साहेब हाताखालच्याला कोड्यात टाकतो. तो माणूस गप्प राहतो तो भित्रेपणानं नव्हे, हिशेबानं. त्याचं खरं मत टपरीवर असतं, किंवा गॅदरिंगमधल्या नकलेत. साहेबाला ऐकायचंच असेल तर स्वतःबद्दल विचारू नये, स्वतःच्या एखाद्या निर्णयाबद्दल विचारावं: ‘मंगळवारी मी ऑर्डर आधी पाठवायला लावली, त्यात तुमचं काय अडलं?’ अशा प्रश्नाला उत्तर मिळतं, कारण त्यात मोजण्यासारखं काही असतं. आणि एकदा कुणी ‘पत्रा पातळ आहे’ म्हणालं, तर त्याच्यादेखत मायक्रोमीटर लावावा. एका माणसाचं ऐकून निर्णय बदलला, ही बातमी कॅन्टीनमध्ये दुपारपर्यंत पोचते.

देव दत्त निकाल सरकारला बांधतो, कारण तो संविधानाच्या अनुच्छेद 14 वर उभा आहे. खासगी कंपनीवर असं बंधन नाही, तिथं आजही शेरा लिहिणाराच बहुतेक वेळा हरकत ऐकतो. या अंकाच्या वाचकांत कंपन्यांचे मालक, संचालक, एचआरप्रमुख असतील. त्यांनी यंदाचे फॉर्म निघायच्या आत सेवानियमांत एक कलम घालावं: अप्रेझलवरची हरकत शेरा लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी ऐकेल आणि तिचं लेखी उत्तर देईल. त्यासाठी कायदा बदलायची वाट पाहावी लागत नाही, संचालक मंडळाचा ठराव पुरतो.